गिलक्याच्या वेलाखालचा पाइप

आमच्या घरात संध्याकाळची भाकरी घड्याळावर पडत नसे, आवाजावर पडायची. पारोळ्यात किल्ल्याकडून येणारा रस्ता आमच्या आळीत वळतो, त्या वळणावर तेव्हा एक जुनं निंबाचं झाड होतं. माझे वडील, म्हणजे नाना, फटफटीवरून येत आणि निंबाशी आले की वेगाची मूठ सोडत. मूठ सोडली की गाडीच्या पाइपातून दोन ठोके निघत, आधी एक मोठा आणि त्याच्या मागोमाग एक लहान. माय तोवर पीठ मळून, तवा तापवून चुलीशी बसलेली असे. पहिल्या ठोक्याला तिचा हात पिठाच्या गोळ्याकडे जाई आणि दुसऱ्याला भाकरी थापायला सुरुवात होई. नाना गाडी भिंतीला लावून, पाय धुऊन पाटावर येईपर्यंत ज्वारी-उडदाच्या कळण्याची पहिली भाकरी निखाऱ्यावर टम्म फुगलेली असायची. माय कधी घाई करत नसे आणि नानांना कधी ताटासमोर वाट पाहावी लागली नाही. तशी ती दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की सगळ्याच घरांत असं असतं, नवरा दोन ठोके देतो आणि बायको भाकरी टाकते. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा कळलं की इथे नवरा सायकलवर येतो आणि बायकोनं काय ते आपलं आपण ओळखायचं असतं.

फटफटी इंग्रजी बनावटीची होती, नानांच्या लग्नाच्याही आधीची. मूळची ती जिनिंगच्या शेठच्या वडिलांची. शेठनं मोटार घेतली, मग ती कापसाच्या शेडमध्ये धूळ खात पडली आणि शेवटी नानांकडे आली. नाना त्या जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापूस पाहायचा आणि तो कसा आहे ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम, पण मोसमात त्यासाठी गावोगाव फिरावं लागे. ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, आणि निघालेला धागा कोटाच्या काळ्या बाहीवर धरून बघायचा. चांगला असला तर ती चिमूट ते खिशात टाकत. हलका असला तर हात बाहेरच्या बाजूला असा काही झटकत की कापूस दूर जाऊन पडे. तोंडानं एक अक्षर बोलत नसत. कापूस विकायला आलेली माणसं त्या हाताकडे श्वास रोखून बघत उभी असायची आणि हात झटकला गेला की त्यांचे चेहरे उतरायचे, हे मी जिनिंगच्या फाटकाशी उभी राहून कितीदा पाहिलं आहे. खिशातला कापूस घरी येई आणि माय तो एका जुन्या खोळीत भरून ठेवी, माझ्या लग्नातल्या गादीसाठी. "बेबीनी गादीमा हलका कापूस नको," असं नाना म्हणत. बेबी म्हणजे मी. आता गुडघे धरून उठते-बसते, तरी माहेरचं कोणी भेटलं की बेबीच.

गाडीचं रूप म्हणाल तर काही राहिलेलं नव्हतं. रंग कुठला होता ते सांगता येत नव्हतं, बसायची गादी सुतळीनं शिवलेली होती. शेजारचे आबा ओट्यावर बसून म्हणायचे, "ग्रेडरनी फटफटी नि म्हातारानं खोकलं, दिसाआधी वळखू येस." इंजिनाला जिथे पाइप जोडतात तो सांधा फुटका होता. नानांनी त्याला तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून वर तार आवळलेली होती. तिथून हवा शिरायची आणि मूठ सोडली की ते ठोके निघायचे. माझ्या भावाला, भाऊला, ह्या गोष्टीचा फार राग यायचा. तो धुळ्याला आयटीआयत फिटरचं शिकून आला होता आणि गावातच पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडे लागला होता. त्याला सगळ्या गोष्टी घट्ट, चकचकीत आणि वेगवान लागत. नानांनी गाडी दारात लावली की तो तिच्याभोवती फिरून घोड्याचा दलाल बघतो तसा बघायचा. हँडल खाली घ्यायला पाहिजे, मडगार्ड कापायला पाहिजे, कार्बोरेटर मोठा लावला तर ही गाडी धुळ्यापर्यंत कोणाला पुढे जाऊ द्यायची नाही. निदान तो सांधा तरी मला बसवू द्या म्हणून तो नानांच्या मागे लागला, तेव्हा नाना जेवता जेवता म्हणाले, "तिले बोलू दे. ती बोलस म्हनीसन तुनी माय भाकर टाकस." माय चुलीकडे तोंड करून हसली. भाऊ नाही हसला.

नाना पडले ते ऐन मोसमात, जिनिंगच्या अंगणात, कापसाच्या ढिगावर. कापसावर पडले म्हणून आवाजही झाला नाही, लोकांना वाटलं ग्रेडर वाकून कापूस पाहतो आहे. धुळ्याच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं, वाचा गेलेली होती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओळख गेलेली होती. ओसरीत खाटेवर ते रस्त्याकडे तोंड करून पडून राहात. माय समोर बसून दूधभाकरी भरवायची, तिच्याकडे ते भिंतीकडे बघावं तसं बघत. मी "नाना" म्हणून हाक मारली की डोळे माझ्यावरून सरकून पुढे जात. मला त्या डोळ्यांची भीती वाटायची. आपल्याच बापाची भीती वाटते ह्याची लाज वाटायची आणि मग मी मागच्या दारी जाऊन रडायची. डावा हात तेवढा चालू होता. तो हात दिवसभर गोधडीचा दोरा चिमटीत धरून ओढत राही. माय दर चार दिवसांनी गोधडी शिवायची आणि ते पुन्हा उसवायचे.

मग एके दिवशी मायच्या लक्षात आलं. वळणावरून कोणाचीतरी फटफटी गेली आणि नानांनी मान फिरवली. आम्हाला वाटलं, असंच. पण दुसऱ्या खेपेला पुन्हा फिरवली, आणि गाडी पुढे निघून गेल्यावर बराच वेळ ते निंबाकडे बघत राहिले. घरात इतके दिवस कोणी मोठ्यानं बोललेलं नव्हतं. त्या संध्याकाळी भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला, मायचं पीठ मळणं थांबायची वाट पाहिली आणि म्हणाला, "मी गाडी चालू करस. गाडी बोलनी का नाना बी बोलतीन, माय." मायनं पिठाचा हात तसाच कपाळाला लावला. आमच्या घरातलं सगळं त्या एका वाक्यावर येऊन टेकलं. पुढचे कितीतरी महिने आम्ही त्याच वाक्यावर जेवलो, झोपलो, उठलो.

गाडी तोवर मेलेली होती. नाना पडल्यापासून ती जिनिंगच्या फाटकाशी अवकाळी पावसात उभी होती आणि इंजिन गंजून आतून धरलं होतं. भाऊनं ती ढकलत घरी आणली, मागच्या दारी पिंपाशेजारी उभी केली आणि खोलायला बसला. रॉकेलच्या घमेल्यात पितळेचे, पोलादाचे तुकडे पडून असायचे आणि घरभर तो वास. भाकरीला वास, वरणाला वास, माझ्या वेणीला वास. माय एरवी शेजारणीनं लसणाचा हात लावला तरी माठ घासणारी बाई, पण त्या दिवसांत तिनं त्या वासाबद्दल चकार शब्द काढला नाही. पिस्टन जाम होता, तो भाऊनं डिझेल ओतून ओतून, लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून सोडवला. मी चाकाच्या तारा एकेक करून राखेनं आणि चिंचेनं घासायची. खरं सांगते, त्या कामात मला सुख होतं. तार गंजातून पांढरी होत यायची आणि वाटायचं, नानाही असेच कुठेतरी आत पांढरे आहेत, वरचं एवढं निघालं की झालं.

सामान सगळं पारोळ्यात कुठलं मिळायला. कधी एस.टी.नं जळगावला जाऊन जुन्या सामानाच्या दुकानांतून उकरून आणायचं, कधी धुळ्याच्या लेथवर पिशवीत इंजिनाचे सुटे भाग घालून न्यायचे. एकदा मी त्याच्याबरोबर धुळ्याला गेले होते. लेथवाल्या काकांनी इंजिनाचं डोकं हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं, "पाइपाचं तोंड मोठं करू म्हणतोस? मग जुना पाइप बसायचा नाही."

"जुना पाहिजे कोणाला?" भाऊ म्हणाला.

त्यांनी मान हलवली आणि यंत्र चालू केलं. चांदीसारखा कीस खाली पडत होता आणि भाऊच्या तोंडावर असा आनंद होता की तो मी नंतर पुन्हा कधी पाहिला नाही. येताना त्यानं मला स्टँडसमोर शेवभाजी खाऊ घातली आणि सगळा वेळ बोलत राहिला. मोठा कार्बोरेटर, मोठं तोंड, आखूड सरळ पाइप, सांध्याला तांब्याचं कडं, कुठे तसूभर हवा शिरायला जागा नाही. नाना उठले की म्हणतील, अरे, ही माझीच गाडी का?

असं म्हणतात खरं लोक, कौतुकानं. त्याचा दुसराही अर्थ होऊ शकतो हे त्या शेवभाजीच्या टेबलावर आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

जुना सायलेन्सर, पत्र्यातारेसकट, बरेच दिवस मागच्या दारी पायात येत होता. "याले काय करू?" मायनं विचारलं. "भंगारमा दी टाक," भाऊ म्हणाला. पण आमची माय फुटकी पाटीसुद्धा टाकणारी नव्हे. तिनं तो पाइप मातीत उभा रोवला आणि त्यावर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढवला. पावसाळ्यात वेल असा फोफावला की खाली लोखंड आहे हे कळेना. त्या वर्षी आम्ही गिलक्याची भाजी खाऊन खाऊन कंटाळलो.

हल्ली आमच्या धुळ्यातही पोरं गाड्यांचे पाइप बदलून घेतात आणि देवपुरातून भर दुपारी बंदुकीसारखे बार काढत जातात. परवा वर्तमानपत्रात फोटो होता, पोलिसांनी असे जप्त केलेले पाइप रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवला. नातू म्हणाला, बरं झालं. मी फोटोकडे पाहात राहिले आणि माझा चहा तसाच राहिला.

दसऱ्याला गाडी तयार झाली. ट्रक रंगवणाऱ्या एका पेंटरनं टाकी लालभडक केली होती आणि तिच्यावर सोनेरी रेघ अशी ओढली होती की नवरीच्या शालूचा काठ. हँडल खाली, मडगार्ड आखूड, जळगावहून मुलामा देऊन आणलेल्या भागांत तोंड दिसायचं. मायनं पूजा केली, हँडलला झेंडू आणि आपट्याची पानं बांधली. मग भाऊनं आम्हाला काय करायचं ते सांगितलं. तो गाडी किल्ल्यापर्यंत ढकलत नेणार, तिथे चालू करणार आणि नाना यायचे तसाच, त्याच वेळेला, निंबाच्या वळणावरून घरी येणार. मी नानांजवळ बसायचं. मायनं चुलीशी बसायचं, पीठ मळून, तवा तापवून. "बठ्ठं रोजनं मायक," तो म्हणाला, सगळं अगदी रोजच्यासारखं. मायनं नवं लुगडं नेसून पीठ मळलं. मी नानांना उशी देऊन बसतं केलं, त्यांचे केस विंचरले, आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यांचा काळा कोट खांद्यावर घातला.

किल्ल्याकडून आवाज आला. काय आवाज होता! जड, गोल, एकासारखा एक, कुठे चुकणं नाही, अडखळणं नाही. ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. आबा म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!" मी नानांच्या तोंडाकडे बघू लागले. गाडी निंबाशी आली, भाऊनं मूठ सोडली, आवाज लोण्यासारखा खाली उतरला आणि वळण घेऊन दाराशी आला. नाना आपल्या गुडघ्यावर बसलेल्या माशीकडे पाहात होते. मान हलली नाही. भाऊनं गाडी बंद केली, खाली उतरला, झेंडूचं फूल हँडलवरून गळून पडलं ते उचललं नि नानांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावरून डोळे काढून पुन्हा माशीकडे नेले.

आणि कोण आलं म्हणून आतून मायची हाक आली, "कोन उनं व, बेबी?"

मी आत गेले. तवा नुसता तापून धूर सोडत होता आणि माय पिठाच्या गोळ्यावर हात ठेवून बसली होती. ती ठोक्यांची वाट बघत होती. भाऊ माझ्या मागोमाग उंबऱ्याशी आला होता आणि त्यानं ते पाहिलं. नानांचं तर डोकं गेलेलं होतं, त्यांचा काय दोष. पण मायनंही ओळखलं नव्हतं.

"बठ्ठी गाडी नवी करी मी, माय," तो म्हणाला. "बठ्ठी."

"नवी शे रे," माय म्हणाली. तिला त्याला दुखवायचं नव्हतं, पण तिला खोटंही बोलता येत नसे. "पन त्या दोन ठोका कोठे गयात?"

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आम्ही काय करून बसलो होतो. नानांची मान फिरायची ती मोडक्या गाड्यांना. पारोळ्यात तेव्हा कोणाची गाडी धड होती? फुटक्या सांध्याची, ठोके देणारी कोणतीही गाडी वळणावर आली की त्यांच्या आत काहीतरी हलत होतं. आणि भाऊनं अख्खं वर्ष खपून, तांब्याचं कडं घालून, नेमकं तेच बुजवलं होतं. जो आवाज नानांचा होता तो गाडीचा आजार होता. त्यानं गाडी बरी केली होती.

भाऊ मागच्या दारी धावला. वेल दोन्ही हातांनी ओरबाडून त्यानं तो जुना पाइप उपटला, गिलकी चिखलात पडली, माय "हळू रे, हळू रे" म्हणत राहिली. पाइप धुऊन त्यानं गाडीला लावायला घेतला. तो बसेना. इंजिनाचं तोंड मोठं झालेलं होतं, पाइप त्यात बोटासारखा हलत होता. त्यानं पत्रा गुंडाळला, तार आवळली, पुन्हा गुंडाळला, ठोकला, शिव्या दिल्या. जुनं लोखंड पावसानं सडलेलं होतं, ते ठोकता ठोकता त्याच्या हातात दुमडलं. मग तो त्याच्याशेजारी मातीत बसला. दसऱ्याचे लोक सोनं द्यायला येत होते, मी त्यांना ओसरीतूनच वाटेला लावलं.

पुढे काही दिवस तो नव्याच पाइपाचा सांधा ढिला करून बघत होता. मला म्हणाला, आता जमेल, ठोके काढतो. मी नको म्हणत होते. एका संध्याकाळी तो वळणावरून आला आणि मूठ सोडली. तो ठोका नव्हता, तो बार होता. आखूड सरळ पाइप आणि मोठा कार्बोरेटर, त्यातून बंदुकीसारखे दोन बार निघाले. निंबावरचे पक्षी उडाले. खाटेवर नानांचं सगळं अंग, मेलेली बाजूसुद्धा, एकदम उसळलं, डोळे पांढरे झाले, गोधडी ओली झाली, आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. दवाखान्यातून आणल्यापासूनचा पहिला आवाज. वासरू हंबरावं तसा, लांब, थांबेचना. माय त्यांचं डोकं छातीशी धरून बसली आणि भाऊ दारात कपाळावर हात मारत उभा. गाडी बोलनी का नाना बी बोलतीन. ते बोलले. देवानं शब्द पाळला असं म्हणायचं असेल तर म्हणावं, मी त्या दिवसापासून देवाशी फार बोललेले नाही.

त्यानंतर भाऊनं गाडी झाकून ठेवली आणि कामावरून आला की तो नानांच्या खाटेशी खाली बसू लागला. असाच एकदा बसला होता, हातात काळा झालेला कापसाचा बोळा, मोटारी पुसायला दुकानात वापरतात तो. बोटं पुसत होता. नानांचा डावा हात गोधडीवरून उठला आणि त्यांनी तो बोळा भाऊच्या हातातून घेतला. आम्ही दोघं थिजलो. त्यांनी बोळा मेलेल्या हाताखाली छातीशी दाबून धरला, डाव्या चिमटीनं त्यातून धागा ओढला, पुन्हा ओढला, डोळ्यांसमोर धरला. डोळे जागेवर आले होते. ते नाना होते, माझे नाना, जिनिंगमधले. माझ्या तोंडून हाक बाहेर पडणार तेवढ्यात त्यांनी हात बाहेरच्या बाजूला झटकला. बोळा भाऊच्या छातीवर आपटून खाली पडला. आणि डोळे पुन्हा गेले.

भाऊ उठून आत गेला. मी मागोमाग गेले तर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"नानांनी मले फेकी दिधं," तो म्हणाला.

"कापूस फेका त्यासनी, भाऊ. हलका कापूस व्हता तो. तुले नही फेकं."

मी ते तेव्हा सांगितलं, नंतरही कितीदा सांगितलं. तो कापूस खरोखर टाकाऊ होता, आखूड धाग्याचा, जिनिंगचा केरच तो. ग्रेडरची मुलगी आहे मी, मला एवढं कळतं. पण भाऊनं ज्या हाताचा झटका पाहिला तो हात मोठमोठ्या माणसांची तोंडं उतरवणारा होता, आणि त्यानं तो आपल्या छातीवर झेलला होता. काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

नाना माघात गेले. त्या आधी मान फिरवणंही बंद झालं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या नावाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, पुरणाचे मांडे केले, आणि माय खापरापुढे बसली असता वळणावरून कोणाचीतरी मोडकी फटफटी दोन ठोके देत गेली. माय हात तसाच वर धरून थांबली. मांडा खापरावर करपला. पुढे ती भाऊच्या बायकोच्या राज्यात गॅसपुढे बसायला लागली तरी पहिली भाकरी टाकण्याआधी जराशी थांबायचीच. सुनेला वाटायचं म्हातारीला सुचत नाही.

भाऊ जळगावला गेला आणि जुन्या गाड्या नव्या करून देणारा म्हणून त्याचं नाव झालं. लोक लांबून गाड्या घेऊन येतात, गाडी झाली की तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. नानांची लाल गाडी त्याच्या शेडच्या कोपऱ्यात असते. तिच्यासाठी चांगलं गिऱ्हाईक आलं तरी तो देत नाही. तिच्यावर त्याचं काम अजून संपलेलं नाही, असं तो म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेले होते. माझ्या सुनेनं फोमच्या गाद्या आणल्या, माझ्या लग्नातली गादी मोडली, आणि त्यातला कापूस मी टाकायला तयार होईना, तेव्हा एक पिशवी भरून मी भाऊला नेऊन दिली. गाड्या पुसायला होईल म्हटलं. त्याला पिशवी कशाची ते मी सांगितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही. त्याला आता ऐकू येत नाही, कानाचं यंत्र टेबलाच्या खणात पडून असतं. त्यानं मला शेडमध्ये नेलं, लाल गाडी चालू केली, बराच वेळ तापू दिली, मग निंबाच्या वळणावर नाना सोडायचे तशी मूठ सोडली. ठोका आला का, म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"उना का?"

गाडी गोल, जड, सुंदर आवाजात चालली होती. त्यात कुठे काही नव्हतं.

"उना," मी मोठ्यानं म्हणाले.

"कितला?"

"दोन."

तो माझ्याकडे पाहून हसला, म्हाताऱ्या भावानं धाकट्या बहिणीकडे बघून हसावं तसा. गाडीच्या टाकीवर त्याचा तळहात पसरलेला होता. "एकबी नही उना, बेबी," तो म्हणाला. "मना कान गयात. हात नही गयात."

त्यानं गाडी बंद केली. हात पुसायला पिशवीतून कापूस घेतला, पुसता पुसता त्याची चिमूट आपोआप त्यातला धागा ओढायला लागली. एकदा ओढला, जुळवून पुन्हा ओढला, उजेडात धरला, आणि हात बाहेरच्या बाजूला झटकला. बोळा शेडच्या दारापर्यंत जाऊन पडला.

मी जाऊन तो उचलला. लांब धाग्याचा, नानांनी पारखून खिशात ठेवलेला कापूस होता तो.